अठ्ठावन्न गुण

सरांनी खोडरबर फुंकून साफ केला आणि सातव्या प्रश्नाचं काळं केलेलं वर्तुळ खोडायला घेतलं.

शाळेच्या फाटकावरून रखवालदारानं पालकांना वाटलेला तो अर्ज होता. मुलांचं मन कसं आहे हे विचारणारे वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सरांच्या लेकीनं तो पेन्सिलीनं भरून पाकिटात घालून ठेवला होता. पण आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेण्यात केस पांढरे झालेला माणूस न तपासलेला कागद घराबाहेर जाऊ देईल, तर मग झालंच.

"साठपैकी नऊ!" ते बायकोला म्हणाले. "आपल्या घरात आजवर नऊ कुणाला पडलेत का? शाळेत काय तोंड दाखवू?"

"अर्धं तर मास्कमध्येच असतं. उरलेलं दाखव." बायको घड्या घालत होती. "तिनं भरलंय ना, राहू दे तसंच."

"आणि हे बघ. 'घरात तुझं म्हणणं कुणी ऐकतं का?' कधीच नाही! अगं, दिवसभर घरात तर असतो मी."

"असतोस ना. बोलत."

ते खरं होतं. साथीत शिकवणीचा हॉल बंद पडल्यापासून फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून सर बाहेरच्या खोलीतून वर्ग घेत. सकाळी तीन, संध्याकाळी दोन. वर्ग चालू असताना लेकीनं तोंड उघडलं की ते कॅमेऱ्याकडे बघतच ओठांवर बोट ठेवत. एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून तिचं टकळी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. हल्ली ती थांबलेलीच असे. शहाणी झाली, असं सर फोनवर चारचौघांना सांगत.

त्यांनी अठरा प्रश्नांना तीन-तीन गुण दिले आणि उरलेल्या दोन प्रश्नांना दोन-दोन. पैकीच्या पैकी दिले की तपासणाऱ्याला संशय येतो, हा अनुभव. पाकीट चिकटवून दुपारी स्वतः फाटकावर देऊन आले.

पुढच्या शनिवारी टकळी डोकं धुऊन, शाळेचा गणवेश घालून फोनपाशी येऊन बसली. गणवेश गुडघ्यांच्या बराच वर गेला होता.

"आज कसला गणवेश? सुट्टी आहे."

"अकराला फोन येणार आहे मला. शाळेच्या समुपदेशक ताईंचा."

"तुला कशाला?"

"अर्जाच्या तळाशी लिहिलं होतं ना, बाबा. वीसपेक्षा कमी असले, की दर शनिवारी अर्धा तास त्या आपल्याशी बोलतात. एकटीशीच." मग तिनं पहिला नंबर आल्यासारखं सांगितलं, "मला नऊ आहेत."

सरांचा हात उगाच चष्म्याकडे गेला. आधी सूचना वाचा, मग पेन उचला. हे वाक्य त्यांनी किती पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असेल, याला गणती नव्हती.

अकरा वाजून गेले. साडेअकराला फोन किणकिणला. सर पुढे झाले, पण तिनं आधीच उचलला होता. शाळेचा निरोप होता. फुग्यांची चौकट, आत तिचा जुना, दात पडलेला फोटो आणि 'आनंदी विद्यार्थिनी'.

"अठ्ठावन्न," तिनं वाचलं. टेबलावरच्या खोडरबराकडे एकदा पाहिलं, फोन पुस्तकांना नीट टेकवून ठेवला आणि गणवेश बदलायला गेली.

शाळेला फोन करावा, असं सरांच्या मनात दोनदा आलं. पण सांगणार काय? सरांनी कॉपी केली?

महिन्यानं पुन्हा अर्ज आला. या वेळी सरांनी तळाची ओळ आधी वाचली, कागद तिच्या हातात दिला आणि खोडरबर खणात टाकला.

"तुला वाटेल तसं भर. मी बघणारसुद्धा नाही."

पाच मिनिटांत ती परत आली.

"बघ की. काही चुकलं नाहीये."

अठरा ठिकाणी तीन, दोन ठिकाणी दोन. वर्तुळं अगदी गोल, एकही रेघ बाहेर नाही.

सरांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"टकळे," ते म्हणाले, "काही बोलायचंय का गं तुला?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा, तुझा पाचचा वर्ग," ती म्हणाली. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून, आवाज होऊ न देता, तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.