ठिपकीच्या घराचं दार

“अहो, शेवटापर्यंत पोचतंय कोण? ‘समाप्त’ एवढं टाका आणि मोकळे व्हा!”

मित्रांनो, मला अजून जसाच्या तसा आठवणारा आवाज हा. आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा. मी एक जुनी कॅसेट आहे, टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची. राखाडी अंग, खाली सोनेरी दातांची ओळ आणि पाठीवर शाईनं लिहिलेलं ‘नमुना’. माझ्या बहिणी पुढे दुकानांत गेल्या. मी मात्र ज्यांनी मला घडवलं त्यांच्याच घरी राहिले. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते.

माझ्या पोटात एक मुलगी राहते. निळ्या चौकोनांचा झगा, काळ्या चौकोनांच्या दोन वेण्या. लेकीनं तिचं नाव ठेवलं ठिपकी. वादळात वाट चुकलेली ठिपकी कंदील घेऊन घरी निघते, एवढाच माझा खेळ. रान लागतं, रानात नदी लागते, नदीवरचा पूल मोडतो, पुढं डोंगर, डोंगरावर धुकं.

बाबा दिवसा ऑफिसात बसून रान लावायचे, नदी सोडायचे. संध्याकाळी दवाखान्यात जायचे. लेकीची आई तिथे होती. घरी आले की लेकीला सांगायचे, “आईनं विचारलंय, ठिपकी कुठवर आली?” मग लेक त्यांच्या मांडीवर बसून उद्याची वाट ठरवायची. “इथे साप नको हं बाबा. बेडूक चालेल.”

असं करत करत अंगण आलं, दार आलं. आणि त्याच आठवड्यात लेकीची आई गेली.

बरेच दिवस बाबा ऑफिसात आलेच नाहीत. आले तेव्हा दाढी वाढलेली. पडद्यावर ठिपकी दाराशी उभी, आणि बाबा नुसते तिच्याकडे बघत बसलेले. साहेबांचा तो आवाज तेव्हाचा. बाबांनी ‘समाप्त’ टाकलं आणि मोकळे झाले. निदान मला तसं वाटलं.

सुट्टी लागली आणि लेकीनं मला हातात घेतलं. काय तिचं ते खेळणं! मी अडखळले की मला बाहेर काढायची, माझ्या दातांवर फुंकर घालायची, पुन्हा बसवायची. पुलावरून पडायची, चिडायची, पुन्हा चढायची. अंगठा लालेलाल झाला तरी उठायची नाही. घर सांभाळायला आलेली आत्या ओरडायची, “अगं, तू जेवतेस, की तुझ्या ठिपकीला पाठवतेस पानावर?”

एका दुपारी धुकं सरलं. अंगण आलं. लेक गुडघ्यांवर उठून बसली, श्वास धरला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली. समाप्त.

“आत्या, दार उघडलंच नाही.”

“मग पुन्हा खेळ.”

“पुन्हा पण नाहीच उघडणार ना!”

ती बाबांकडे वळली. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “साहेबांनी वेळच दिला नाही, बाळा.”

लेक रडली नाही. तिनं मला काढलं आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिलं.

मित्रांनो, गोष्टीत दुसरं कुणी चालतं आणि आपण ऐकतो. खेळात आपलीच पावलं, आपलाच अंगठा. पडतो ते आपण, उठतो तेही आपणच. एवढं चालून आलेल्याला निदान कुणीतरी ‘आलास का’ म्हणायला हवं. उद्या तुमच्यातलं कुणी खेळ रचेल. रान लहान ठेवा, डोंगर बुटका ठेवा, राक्षस दोन कमी घाला; पण पोचलेल्याला दाराबाहेर ठेवू नका.

डब्यात काळोख होता. सोबतीला कोटाची, झग्याची, कुणाकुणाची बटणं. झाकणाच्या फटीतून घर ऐकू यायचं. लेक मोठी होत होती. कुठलाही सिनेमा संपायच्या आत उठून जायची. आत्या म्हणायची, “शेवट आला की हिच्या पायात आधी चपला!” सगळे हसायचे. बाबांचं हसणं मला कधी ऐकू आलं नाही.

मग एकदा झाकण उघडलं. नव्या, इवल्या बोटांनी मला उचललं. लेकीची लेक होती ती.

“आजोबा, हे काय?”

“ती नको हं,” लेक पटकन म्हणाली. “बाबा, नका ना देऊ तिला. शेवटी दार उघडत नाही. मला माहितीये कसं वाटतं ते.”

बाबांनी मला टेबलावर घेतलं, चष्मा चढवला, माझे स्क्रू काढले. आतली सगळी वाट आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग माझी चिप जांभळ्या दिव्याखाली ठेवली. त्या उजेडात सगळं पुसलं जातं. ठिपकी गेली, रान गेलं, बेडूक गेला. मी भ्याले, मित्रांनो. पण बाबांच्या हातांनी सगळं परत आणलं, आणि आणखीही काही माझ्यात ठेवलं.

नात खेळायला बसली. पुलाशी अडली, तेव्हा तिची आई न राहवून शेजारी येऊन टेकली. “दे इकडे, इथे दोनदा उडी मारायची.” मग दोघी मिळून चालल्या. धुकं सरलं. अंगण आलं. नातीनं बटण दाबलं.

दार उघडलं. पिवळ्या चौकोनांचा उजेड अंगणभर सांडला. हात पुसत एक बाई बाहेर आली. खाली अक्षरं उमटली: ‘आलीस? पाय बघ किती भिजलेत. ये आत.’

नात टाळ्या पिटत आत्याला सांगायला पळाली. लेक हलली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, “आता बरा वेळ मिळाला, बाबा.”

“वेळ तेव्हाही होता गं,” बाबा म्हणाले. “साहेबांचं नाव मी उगाच पुढे केलं. दार उघडलं तर आत आईच हवी होती. दुसऱ्या कुणाचं चित्र मला काढवेना. आणि तिचं काढलं, तर तू रोज त्या दाराशीच जाऊन बसशील, अशी भीती वाटली मला. म्हणून बंद ठेवलं. पण तू तर बाहेरच उभी राहिलीस गं, लेकी.”