खेळण्याचा हात

बॅडमिंटनच्या जाळीच्या वरची पांढरी पट्टी उसवली होती, म्हणून जाळी गुंडाळून टोळच्या आजोबांकडे नेली. ते शिंपी. टोळ म्हणजे माझ्याकडे खेळायला शिकणारी, सगळ्यात उड्या मारणारी मुलगी, वय बारा, डावखुरी. शनिवारी तिची संघनिवडीची मॅच होती.

दुकानात टोळ दोरे कापत बसली होती. उजव्या हातानं.

"अगं, कात्री उजव्या हातात?"

"मग? कात्री कुणी डाव्या हातात धरतं का, मॅडम?"

"आणि पेन्सिल?"

"उजव्या."

"मग रॅकेट तेवढी डाव्या हातात का?"

"तुम्हीच शिकवलंत ना! मला वाटलं, बॅडमिंटन डाव्या हातानंच खेळतात."

"बाकीची मुलं उजव्या हातानं खेळतात, दिसत नाहीत तुला?"

"मला वाटलं, त्यांचं चुकतंय."

आजोबांनी मशीन थांबवलं. "आमच्यात डावखुरं कुणी नाही हो. म्हटलं, तुमच्याकडे तशीच पद्धत असेल."

मी चौदा वर्षं खेळले, उजव्या हातानं. मग एका स्मॅशला खांदा निसटला आणि कायमचा रुसून बसला. हात वरच जाईना, म्हणून कोच झाले. सुरुवातीचे काही महिने मी डाव्या हातानं शटल टाकायचे, वेडंवाकडं, कोपर बरगडीला चिकटवून; अंग वळलं की उजव्या खांद्यात कळ यायची. नेमकी तेव्हाच टोळ आली. बाकीची मुलं आधीपासून कोर्टवर यायची, त्यांनी मला उजव्या हातानं खेळताना पाहिलं होतं. आणि मी मात्र तीन वर्षं जगभर सांगत सुटले, मला डावखुरी मिळाली!

"पाच दिवसांत काय करणार आहेस?" नवरा म्हणाला. "हात बदलून मिळतो का कुठे?"

दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हातात रॅकेट दिली. पहिलं शटल जाळीत, दुसरं छताला, तिसरं माझ्या चहात.

"हा हात कुणाचा आहे?" टोळनं स्वतःलाच विचारलं.

परत डावा. पण आता मला तिचं चिकटलेलं कोपर दिसायला लागलं. ते माझंच कोपर होतं, माझं दुखणं. तिला तर काहीच दुखत नव्हतं! म्हटलं, कोपर उघड. तिचं सगळं हुकायला लागलं. म्हटलं, राहू दे. संध्याकाळी परत म्हटलं, नाही, उघडच. चौथ्या दिवशी पोर कोर्टवर आली ती हात मागे बांधूनच.

शनिवारी शेवटच्या गेमला मध्यंतर झालं तेव्हा ती सहा-अकरा मागे होती. मिनिटभरच मिळतं बोलायला.

"मॅडम, कोपर उघडू की नको? लवकर सांगा."

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. मग खरं ते सांगून टाकलं. खांदा, कळ, सगळं. "चूक माझी आहे. तू फक्त नक्कल केलीस."

ती पाणी प्यायली. "इतकंच ना? मला वाटलं, माझ्यात काही बिघाड आहे." आणि गेली उड्या मारत.

कोपर चिकटवून खेळली. तशा हातातून जोराचा स्मॅश येणार की जाळीलगतचा हलका ड्रॉप, समोरच्या मुलीला शेवटपर्यंत कळेना. एकवीस-एकोणीस. टोळ संघात.

समोरच्या मुलीचे कोच मला येऊन म्हणाले, "ती कोपराची युक्ती कुठून काढलीत?"

"दुखण्यातून."

ते मोठ्यानं हसले. मीही हसले, काय करणार?

मग संघाचा फॉर्म भरायचा होता. टोळनं उजव्या हातात पेन घेतलं आणि एका रकान्याशी थांबली. 'खेळण्याचा हात'.

"मॅडम, इथं काय लिहू?"

मी रकाना पुन्हा वाचला. मागे रांग वाढत होती. कुणाची तरी आई म्हणाली, "अहो, मुलीला तिचा हात माहीत नाही का?"

टोळनं सुबक अक्षरात लिहिलं, 'डावा'. आणि पुढे बारीक अक्षरात, 'मॅडमचा'.

फॉर्म मी तसाच दिला. ते खोडायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.