हात धरायचे नाहीत

पोलंडमधल्या रादोम शहरातल्या त्या वर्गात शिकवणाऱ्या हालिनाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्याचे हात कधी धरून ठेवायचे नाहीत. "त्याची जीभ तिथे असते. हात धरलेत की तोंडात बोळा कोंबलात." मदतनीस व्हायला आलेल्या मंडळींनी माना डोलवल्या. माना डोलवायला काय जातं?

सरावासाठी लुत्सिना बसली होती, तशीच न दिसणारी, न ऐकणारी. तिचं सगळं बोलणं तळहातावर चालायचं, एकेका अक्षराला ठरल्या पेरावर ठरली टिचकी. तिची करंगळी वाकडी होती. वसतिगृहात असताना दारात सापडली होती म्हणे. एकेकाने येऊन तिच्या खांद्याला हात लावायचा, तो दंडावरून खाली तळव्यापर्यंत न्यायचा आणि आपलं नाव लिहायचं.

पाचवा वाल्देक, मोठा गोडबोल्या. त्याचं नाव अर्धंच झालं असेल. लुत्सिनाने त्याच्या अंगठ्याचं चिरलेलं नख चाचपलं आणि फाडकन त्याच्या नाकावर ठोसा हाणला. रक्ताची चिळकांडी उडाली. तो कोलमडला तशी ती त्याच्या अंगावर पडली आणि कानाला कडकडून चावली. चौघे धावले, आणि त्यांनी धरलं काय, तर तिचे हातच. ती लाथा झाडत घशातून ओरडत राहिली.

"हात सोडा तिचे," हालिना गरजली.

हात सुटताच लुत्सिनाने हालिनाच्या तळव्यावर लिहिलं: वसतिगृहातला रखवालदार. मी तक्रार लिहू नये म्हणून यानेच बोट मोडलं.

तीच करंगळी सरळ धरून हालिनाने वर्षानुवर्षं टोकावर अक्षरं टेकवली होती आणि वसतिगृहाने मारलेली दाराची थाप खुशाल खरी मानली होती. पुढच्या महिन्यात अशीच एखादी बाई या माणसाच्या ताब्यात जाणार होती. हालिनाने तळव्यावरचं ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

वाल्देक रुमालाने नाक दाबत हसला. तिथे नोकरीला होतो, नाही कोण म्हणतंय, म्हणाला. "पण बाई, आंधळीची साक्ष कोण धरणार? हात काय, सगळ्यांचे सारखेच. चाचपू दे तिला पुन्हा, सावकाश."

आणि त्याने हात पुढे करून लुत्सिनाच्या बोटांना टेकवला.

लुत्सिनाची बोटं अंगठ्यापासून निघाली. एकेक बोट पार करत करंगळीपाशी थांबली. पुढे काय होणार ते हालिनाला कळलं. लुत्सिनाचं मनगट तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं. पण नियम तिनेच शिकवला होता. तिने हात धरले नाहीत.

काटकी मोडावी तसा आवाज झाला.

वाल्देक जमिनीवर गडबडा लोळत होता. लुत्सिनाने शांतपणे हालिनाचा तळवा शोधला आणि लिहिलं: ओरडला का?

हालिनाने लिहिलं: हो.