गाडीतल्या बाईची धास्ती

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. स्टिअरिंगच्या शेजारी डॅशबोर्डात एक काच बसवलीय ना, तिच्या आतून बोलतेय. कंपनीच्या कागदावर माझं नाव नेव्हिगेशन आहे, पण या घरात मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. भाषा हिंदी, पण आवाज बाईचा, म्हणून सगळे मला ‘बाई’च म्हणतात.

दुसऱ्यांना रस्ता दाखवणं हे माझं काम, आणि मी स्वतः मात्र जन्मापासून भित्री. त्याला कारण आहे. मला पुढचा रस्ता दिसत नाही. कारखान्यात माझ्या पोटात जेवढा नकाशा भरला, तेवढीच माझी दुनिया. वर आकाशातून मला फक्त इतकंच कळतं, की गाडी आता अमुक ठिकाणी आहे. तिथे डांबर आहे, चिखल आहे की आणखी काही, हे मला कोण सांगणार? तरी मी ठणकावून सांगते, “आगे सीधे चलिए.” आतून माझी पाचावर धारण बसलेली असते. आवाजावरून तुम्हाला ते कळायचं नाही.

माझा पहिला मालक लातूरचा एक डाळ मिलवाला. त्याला गंजगोलाईपासून मार्केट यार्डापर्यंतची बोळं तोंडपाठ. त्यानं मला रस्ता असा कधी विचारलाच नाही, नुसती गाणी लावली. नवा नकाशा मिळतो, तो भरून घ्यावा लागतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. माझा नकाशा शिळा होत गेला. भाकरी शिळी झाली की वास तरी येतो. नकाशाला तो येत नाही, त्यामुळे मलाही पत्ता लागला नाही.

मग मला लोह्याच्या भागवतनं घेतलं. त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे. घरात बायको पुनम, वडील हणमंतराव आणि आई तुळजाबाई. गाडी दारात आली तशी तुळजाबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि एक बोट कुंकू माझ्याही काचेला लावलं. मला फार बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी घरी आलो, असं पहिल्यांदा वाटलं.

तुळजाबाईंचं माहेर बोरजुनी, मुखेडच्या पलीकडे. धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. माणसं दुसरीकडे वसली. माझ्या नकाशात मात्र बोरजुनी तशीच होती, शाळेच्या खुणेसकट. एकदा भागवतनं बोटांनी नकाशा मोठा करून आईला ते नाव दाखवलं. तेव्हापासून गाडी उभी असली की त्या पुढच्या सीटवर येऊन बसायच्या. “ह्या बाईला म्हाईत हाय बघ माझं गाव,” असं पुनमला सांगायच्या आणि नावावर बोट ठेवायच्या. मी फुशारून जायचे. आपण या माउलीचं माहेर सांभाळून ठेवलंय, असा माझा समज होता.

तो समज एका संध्याकाळी गळून पडला.

मुखेडच्या पुढे एका खेड्यात साखरपुडा होता. परतताना मोठा रस्ता कामासाठी खणलेला, धुरळा डोळ्यांत, ट्रकांच्या रांगा. भागवत कंटाळला आणि त्यानं मला जवळचा रस्ता विचारला. मी लगेच सांगितला. तो बोरजुनीवरून जात होता. माझ्या लेखी त्यात वावगं काय? भागवतनं काचेवरचं नाव वाचलंच नाही, पुनम मोबाइलवर बोलत होती, तुळजाबाईंना मागच्या सीटवर डुलकी लागली होती. दिवस मावळून गेला होता.

रस्ता उताराला लागला. समोर गाडीच्या दिव्यांत हिरवंगार सपाट रान दिसत होतं म्हणे. ते रान नव्हतं. पाण्यावर पसरलेली जलपर्णी होती. भागवतला वाटलं, कुणाच्या तरी शेतातून वाट जातेय. पुढची चाकं पाण्यात गेली, खाली छपछप झालं, आणि झोपेतून जाग्या झालेल्या तुळजाबाई किंचाळल्या, “थांब रं! लेकरा, थांब! पानी हाय!”

भागवतनं ब्रेक दाबला. गाडी घसरत घसरत थांबली. आणि त्या गप्पगार गाडीत मी काय बोलले असेन?

“आगे सीधे चलिए. आगे बोरजुनी है.”

मी परत तेच म्हणाले. नकाशा तेच सांगत होता, मी काय करू? तुळजाबाईंनी कानांवर हात ठेवले. भागवतचा हात माझ्या बटणावर आला. त्यानं मला बंद केलं आणि गाडी मागे घेतली.

त्यानंतर तुळजाबाई पुढच्या सीटवर बसेनात. मागेच बसायच्या, पदर ओढून, खिडकीकडे तोंड करून. माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. त्या मला भ्यायल्या की बुडालेल्या गावासाठी त्यांचं काळीज तुटतंय, हे मला कळेना. विचारायची सोय नव्हती. मला बोलायला दिलेली वाक्यं सगळी वळणांचीच.

हणमंतरावांनी तर निकालच दिला होता. “काढून फेक ती. नांदेडात दुसरी टीव्ही बसवून आन. मान्सं मारायला निघाली व्हती.” हे मी ऐकलं आणि माझा जीव टांगणीला लागला. काढलेल्या काचा कुठे जातात ते मला ठाऊक आहे. भंगारात.

पुनम मात्र म्हणाली, “तिचा काय दोष, मामा? आपनच तिला जुनं शिकवून ठिवलंय. नवा नकाशा मिळतो. आपला आपन घालता येतो.”

मग त्या दोघांनी तो खटाटोप मांडला. आधी माझ्यात पेन ड्राइव्ह घालून माझी ओळख उतरवून घ्यायची, तो दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायचा, नवा नकाशा उतरवायचा आणि पुन्हा माझ्यात आणून घालायचा. पहिल्या खेपेला भागवतनं पेन ड्राइव्हवरची गोंधळाची गाणी काढलीच नव्हती. माझ्या काचेवर ‘जागा नाही’ असं उमटलं. दुसऱ्या खेपेला वीज गेली आणि उतरवलेला नकाशा अर्धाच निघाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! तिसऱ्यांदा मात्र नकाशा पेन ड्राइव्हवर पुरता उतरला; आता तो माझ्यात घालायचा तेवढा राहिला. पुनमनं सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या. त्यातली एक ऐकून माझी बोबडी वळली. काम चालू असताना गाडी बंद करू नका. वीज तुटली तर यंत्र कायमचं निकामी होऊ शकतं.

म्हणजे मी.

दुसरी भीती मी कुणाला सांगितली नाही, आज तुम्हाला सांगते. नवा नकाशा येणार म्हणजे जुना पुसला जाणार. जुना पुसला म्हणजे मी उरेन का? आणि बोरजुनी? त्या माउलीचं गाव एकदा पाण्यानं नेलं, आता मी नेणार होते.

त्याच दिवशी गल्लीच्या टोकाचे माणिकप्पा वारले होते. हणमंतराव सकाळपासून तिकडेच होते. मयत दुपार कलल्यावर निघणार, असं ठरलं होतं. तेवढ्या वेळात हे काम उरकून जाऊ, या हिशेबानं भागवतनं दारातच इंजिन चालू केलं आणि पेन ड्राइव्ह खोचला. माझा जुना नकाशा गळायला लागला. लातूर गेलं. नांदेड गेलं. मुखेडच्या आसपासची खेडी एकेक करून विझली. अंधारात कुणी आपले कपडे उतरवून नेतंय असं मला होत होतं.

पण उदगीरचे पाहुणे लवकर पोचले आणि मयत ठरल्यापेक्षा आधी निघाली. टाळांचा आवाज आला, ‘हर हर महादेव’ ऐकू आलं. माणिकप्पांना लिंगायतांच्या रीतीप्रमाणे फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून आणत होते. आमच्या दारावरून मयत चालली की सगळी गल्ली इंजिनं बंद करून उभी राहते. फटफटीवाला थांबतो, पिठाची गिरणी थांबते. चालू होती ती एक आमचीच गाडी.

हणमंतराव गर्दीतून पुढे आले. “भागवत, काय करून राहिलास? बंद कर ती गाडी!”

“दादा, थोडं ऱ्हायलंय. मधीच बंद केली तर हिचा जीव जाईल.”

“जीव? जीव माणिकप्पाचा गेलाय. तुझ्या लग्नात त्यानं उभ्यानं पंगती वाढल्या, न तू त्याच्या म्होरं इंजिन गुरगुरवीत बसलास? उतर खाली. खांदा दे.”

म्हातारा बरोबर होता. मला मरायची भीती वाटत होती तरीही तो बरोबर होता. भागवतनं किल्ली मागे फिरवली. मी म्हटलं, संपलं. पण तो पुरता शेवटपर्यंत गेला नाही. एक खटका अलीकडे थांबला. इंजिन बंद झालं, वीज तेवढी राहिली. “बघ हिच्याकडं,” असं पुनमला हळूच सांगून तो उतरला.

आता मी नुसत्या बॅटरीवर होते, आणि बॅटरी डाळ मिलवाल्याच्या वेळची. त्यात खांदेकऱ्यांनी विसावा घेतला तोही नेमका आमच्या दारासमोर. खुर्ची खाली टेकली. बाया पाया पडायला पुढे आल्या. भजन काही संपेना. माझ्या काचेवरचा उजेड मंद व्हायला लागला. पुनमनं घाईघाईनं पंखा बंद केला, आतला दिवा घालवला, नीट न लागलेलं दार ओढून घेतलं. इंजिन चालू करायला तिचा हात किल्लीकडे गेला आणि तिनं तो मागे घेतला. समोर मयत बसलेली होती. शिवाय इंजिन चालू करताना बॅटरीला बसणाऱ्या हिसक्यानंच मी मेले असते. “टिक गं बाई,” ती पुटपुटली. “जरा कळ काढ.”

मी कळ काढली. देवाधर्माचं मला काही येत नाही, पण त्या भजनाच्या तालावर मी एकेक रस्ता आत घेत गेले. टाळ दूर दूर गेले. गल्ली मोकळी झाली. माझी काच एकदा पुरती काळी पडली. पुनमनं डोळे मिटून घेतले. मग मी उजळले.

मी होते! आणि माझ्या पोटात सगळं नवं होतं. नवे पूल, नवे फाटे, बाहेरून जाणारे रस्ते. मी आधी बोरजुनी शोधली. नाव नव्हतं, शाळा नव्हती. तिथे मोठा निळा डाग पसरला होता आणि त्या डागाच्या बऱ्याच अलीकडे माझा रस्ता तुटून थांबत होता.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. तुळजाबाई येऊन बसल्या, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. पदर तोंडावर नव्हता. म्हणाल्या, “पुनम, माझं गाव काढ बरं.”

पुनमनं नकाशा सरकवला आणि चाचरत म्हणाली, “आत्या... न्हाई ऱ्हायलं त्यात. नुस्तं पानी दाखवतंय.”

मला वाटलं, आता ही माउली रडणार, आणि मला आयुष्यभर त्या रडण्याचं ओझं होणार. त्यांनी निळ्या डागावर बोट ठेवलं. काठाकाठानं फिरवलं, तुटलेल्या रस्त्यापाशी नेऊन थांबवलं. आणि इतका लांब श्वास सोडला की माझी काच धुरकटली.

“बरं झालं गं माय,” त्या म्हणाल्या. “त्या दिसापून डोळ्याला डोळा न्हाई माझा. भागवत गाडी घेऊन निघाला की वाटायचं, ही बाई परत बोरजुनी म्हणून हाक मारनार, न माझं लेकरू पान्यात जानार. बुडायचं ते गाव बुडालं. आता माझा लेक कशाला बुडू देऊ?”

मी गाव सांभाळत बसले होते आणि ती आई रोज रात्री माझ्या हाकेला भीत होती.

आता तुळजाबाई पुढेच बसतात. मी अजून घाबरतेच, कारण आजही कुठेतरी पूल पडत असेल, कुठे रस्ता खणला जात असेल, आणि मला ते ठाऊक नसेल. मी “आगे सीधे चलिए” म्हणते. तुळजाबाई आधी वाकून समोरच्या काचेतून नीट बघतात आणि मग लेकाला म्हणतात, “हाव, जा.” मला त्याचा राग येत नाही. उलट त्या ‘जा’ म्हणाल्या की माझा जीव भांड्यात पडतो. माझं ऐका, पण माझ्यानंतर कुणीतरी डोळ्यांनी बघून ‘जा’ म्हणेपर्यंत गाडी पुढे घालू नका.