घराची गळती मोजणारा पंखा

दहापैकी सात गुण पडले, तर धर्मराजकाकांना घराची पूर्ण किंमत मिळणार होती. सहा किंवा त्याहून कमी पडले, तर अठरा हजार डॉलर कमी. घर घेणाऱ्या उपासनाने तसं लिहूनच घेतलं होतं. आणि मित्रांनो, या गुणांत मोठा वाटा माझा होता. मी घराची गळती मोजणारा एक जुना पंखा.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी पाती लखलखत होती. आता एकाचा टवका उडालाय. मला घराच्या दारात लाल कापडी पडद्यात बसवतात. मी आतली हवा बाहेर ओढतो, की बाहेरची हवा फटीफटींतून आत शिरते. किती शिरली, त्याचा आकडा उमटतो. त्यावरून, आणि हीटर-खिडक्या पाहून, घराचा ऊर्जेचा दाखला तयार होतो. गुण चांगले आले की मालक माझी पाठ थोपटतात. वाईट आले की म्हणतात, "पंखाच जुना दिसतोय!" मग मी व्हॅनमध्ये शिडीखाली धूळ खात पडतो.

माझी मालकीण नीना. जन्म इथलाच, अमेरिकेतला. मराठी येतं ते आईच्या धाकाने. जानेवारीत श्रूजबरी गावातल्या काकांच्या घरात तिने मला बसवलं.

"काका, विंडोज सगळ्या क्लोज आहेत ना? हीटर ऑफ?"

"सगळं ऑफ! टेस्ट पटकन कर बाई, थंडीने मरू आम्ही."

काका माझ्याकडे असे बघत होते, जसा निकालाच्या दिवशी नापास होणारा मुलगा मास्तरांकडे बघतो. मी घरघरू लागलो. दाराशेजारीच बेसमेंटचा जिना होता, तिथून मला खालचं दिसत होतं. खाली काकांच्या पत्नी शीलाकाकू बुद्धमूर्तीपुढे अगरबत्ती लावत होत्या. मंगल व्हावं, एवढीच त्यांची इच्छा.

आकडा स्थिरावला. नीना म्हणाली, "सात, काका. अगदी काठावर. दोन मिनिटं होल्ड झाला तर फायनल."

दोन मिनिटं! काकांनी श्वासही बेतानं घेतला. घराच्या हवेचा हिशेब चुकेल, अशी भीती असावी.

तेवढ्यात बेसमेंट बघायला खाली गेलेल्या उपासनाचा आवाज आला, "काकू, हा धूर आडवा का जातोय?"

मूर्तीमागच्या भिंतीकडून कुणी फुंकर मारावी, तसा तो धूर खोलीत लोटला जात होता. नीना धावत खाली गेली. काका तिच्या मागे.

"हीटरची हवा असेल," काका म्हणाले.

"काका, हीटर बंद आहे. मूर्ती जरा बाजूला घ्याल?"

"छे! स्थापना केलेली मूर्ती आहे. हलवायची नसते."

"स्थापना?" शीलाकाकू वळल्या. "अहो, परवा शनिवारी तर ठेवली तुम्ही!"

वर मी एकटाच घरघरत होतो.

"रोज सकाळी पंचशील म्हणता," काकू हळूच म्हणाल्या. "चौथं शील काय सांगतं? खोटं बोलू नका. आणि तथागतांनाच आडोशाला उभं केलंत?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि काकूंच्या ओंजळीत दिली. मूर्तीमागची फळी काढली, जुनी चादर ओढली, टेपने डकवलेलं प्लास्टिक फाडलं. मागे भगदाड! बेसमेंटमध्ये शिजणाऱ्या सावजी मटणाचा वास वर जाऊ नये म्हणून अकरा वर्षांपूर्वी काकांनीच तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला होता. घर विकायला काढलं तेव्हा फॅन काढला आणि भोक झाकलं. बुजवायला कारागिराने नऊशे डॉलर मागितले, म्हणून.

थंडगार वारा भसकन आत आला. मी जोरात ओरडू लागलो. नीनाने पुन्हा मोजलं.

"पाच, काका. आय ॲम सॉरी."

"तुला कशाला सॉरी?" काका म्हणाले. "लिही पाच."

मित्रांनो, घराचं दुखणं झाकू नका, बुजवा. आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राची धूळ कधीमधी पुसा. आम्ही खोटं बोलत नाही, एवढाच आमचा गुन्हा.

राहिला हिशेब. नऊशे वाचवायला गेलेल्या काकांचे अठरा हजार गेले. पण तो एका दिवसाचा खर्च. फॅन होता तोवर त्याच्या सैल झडपेतून अकरा हिवाळे घरातली ऊब बाहेर जात होती, आणि हीटिंगचं बिल दर महिन्याला शीलाकाकूंच्या पगारातून जात होतं.