पेटी जाते मेव्हण्यांच्या घरी

मी केदारखेड्याच्या भजनी मंडळाची पेटी बोलतेय. पेटी म्हणजे वाजवायची, कपड्यांची नव्हे! निजामाच्या राज्यात, जालन्याच्या मस्तगडात सिराजोद्दीन मिस्त्रीनं मला जोडलं. पहिल्यांदा भाता हलला तेव्हा मी शिंकले. तो म्हणाला, "बिलकुल बराबर!"

मंडळाचा एक कायदा होता. वर्षातून एकदा मारुतीच्या पारावर सगळे जमायचे. ज्याच्या बाजूनं हात जास्त वर होतील, त्यानं वर्षभर मला वाजवायचं आणि घरी सांभाळायचं.

मच्छिंद्र वाजवायचा तेव्हा माझं मलाच कौतुक वाटे. बद्रीनाथ वाजवायचा म्हणजे कोंबड्या हाकलायचा.

एका साली बद्रीनाथच्या माणसांनी दोन्ही हात वर केले. मोजणाऱ्या रामरावांना दिसायचं कमी. त्यांनी सगळे मोजले.

मच्छिंद्रचा दोस्त कडूबा तडकला. "त्यांनी दोन केले ना? मंग आपुनबी करू! पायबी करू!" आणि खरंच त्यानं पारावर उताणं पडून चारी हातपाय वर केले.

मच्छिंद्रनं त्याचे पाय खाली ओढले. "न्हाई कडूबा. आपुनबी तेच केलं, तर पुढल्या साली मोजायचं काय?"

"आरं, पेटी जाऊन राह्यली!"

"जाऊ दे."

म्हणताना त्याची बोटं माझ्या पट्ट्यांवरून फिरली. मला रडू आलं, पण भाता कोणी हलवला नाही, म्हणून आवाज निघाला नाही.

बद्रीनाथकडे वर्षभर कण्हले. पुढल्या साली मच्छिंद्र उभा राहिलाच, पण बद्रीनाथसोबत त्याचा मेव्हणा धर्मराजही उभा राहिला. झालं! बद्रीनाथच्या माणसांनी एक हात बद्रीनाथला दिला, दुसरा धर्मराजला. दोघंही जिंकले! दोघांनी मला दोन बाजूंनी ओढलं. मी अशी किंचाळले, की देवळातली कबुतरं उडाली.

बद्रीनाथला घाम फुटला. "मच्छिंद्रा, तूच मोज बाबा. तुझ्यावर भरोसा हाय."

मच्छिंद्रनं प्रत्येकाला एक हात पाठीमागं धरायला लावला आणि मोजलं. बद्रीनाथच निवडून आला. धर्मराज सोडून त्याचे बाकीचे मेव्हणे आणि जावईच मंडळात जास्त होते!

कडूबानं कपाळ बडवलं. मच्छिंद्र मात्र हसला. "औंदा खरा हरलो गड्या."

अजून मी बद्रीनाथकडेच आहे. त्यानं सूर धरला, की शेजारच्या सुगराबीची बकरी दावं तोडून पळते. बेसूर आहे, पण निवडून आलाय. सोसते.

वाचकहो, पुढल्या साली पारावर जरूर या. मला सोडवा. पण एकाच हातानं.