शकुननं भरलेलं रिकामं काडतूस

कोणाचे आभार मानायचे म्हटलं की माझी जीभ जड होते. शिव्या द्यायच्या असल्या तर रात्री झोपेतून उठवा, तयार आहे. म्हणून ही गोठ तोंडानं सांगायच्याऐवजी लिहून राहिली. सुनेचे उपकार सासूनं लिहून ठेवल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

आमी अंजनगाव सुर्जीचे बारी, पानमळेवाले. मालक गेल्यावर मळा दिरानं पाहायचा आणि माझ्या गोवर्धननं उमरावतीत पानाचं दुकान घालायचं, असं ठरलं. मग मी, गोवर्धन, सून शकुन आणि दोन नातवंडं उमरावतीले येऊन राहिलो. इंग्रज साहेबाच्या जर्मनीसंगच्या लढाईचं दुसरं वर्ष चालू होतं.

शकुन अकोल्याची. घरात आली तेव्हापासून आठ वर्षं मी तिले उठता-बसता बोलली. भाजीत तेल जास्त म्हणून बोलली, कमी म्हणून बोलली. तिनं कधी उलटून उत्तर दिलं नाही आणि कधी काही मागितलं नाही. सणाले लुगडं आणलं तर नेसायची, नाही आणलं तर जुनंच नेसायची. अशी बाई मले समजत नाही. ज्याले काही पाहिजे नसते, त्याच्यावर हुकूम कसा चालवायचा?

तर एक दिवस ती पान पुसता पुसता म्हणाली, "आत्याबाई, एक मागू?"

मी म्हणलं, "माग. देईनच असं नाही."

"बडनेरा रस्त्यावर वकीलसाहेबांनी चांदमारीचं मंडळ काढलं. पिस्तुलानं निशाण मारायले शिकवतात. बायांचीही पाळी आहे, शनवारी सकाळी. मले जायचं आहे."

मी हातातलं पान खाली ठेवलं. "काहून? कोणाले मारायचं आहे? मले?"

ती हसली. "लग्नाच्या आधी अकोल्याले भावानं एकदा हातात दिलं होतं. एकच गोळी मारली. कागदाच्या मधोमध लागली. तेवढं एक काम मले आपोआप आलं, बाकी सारं मार खाऊन शिकली."

आठ वर्षांत पहिलं मागणं, आणि तेही असं! नाही म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "चाल, विचारून तर येऊ."

मोरोपंत वकील मंडळाचे चिटणीस. त्यांनी आम्हाले ओसरीत बसवलं, बसायले सतरंजी दिली, हे कबूल करते. मग नियम सांगितले. सरकारी परवान्यावर मंडळ चालते, म्हणून वेडंवाकडं चालणार नाही. एकटी बाई घेत नाही, लोक बोलतात. एका घरच्या दोघी पाहिजेत. महिनाभर शिकायचं, मग परीक्षा. पंधरा पावलांवरून पाच गोळ्या, त्यातल्या तीन काळ्या गोलात. दोघी पास झाल्या तर दोघींचं नाव लागेल, नाहीतर दोघींचंही नाही.

शकुनचं तोंड उतरलं. घरात दुसरी बाई म्हणजे मीच.

वकील माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हांला या वयात कशाला त्रास? आवाज फार मोठा होतो, बाई. घाबरायला होईल."

तिथंच माझी जीभ घसरली. "वकीलसाहेब, मी कोणाले घाबरत नाही. लोक मले घाबरतात. लिहा नाव, तानुबाई."

घरी येईपर्यंत मी मनात स्वतःलेच शिव्या देत होती. कारण खरं सांगायचं तर मी आवाजाले भेते. सात वर्षांची होती तेव्हा एका लग्नाच्या वरातीत बार काढायची लोखंडी उखळी माझ्या बाजूले फुटली. दोन दिवस कानात काही आलं नाही. तेव्हापासून दिवाळीच्या फटाक्यांत मी कोठीघरात जाते, दार लावते, डाळीच्या डब्यात हात घालून बसते आणि आतूनच साऱ्यांवर ओरडत राहते. मालकाले कधी कळलं नाही. पोराले कळलं नाही. ओरडणाऱ्या बाईले भेव वाटते, असं कोणाच्या मनात येत नाही.

पहिल्या शनवारी गेलो. मोकळं मैदान, त्याच्या टोकाले मातीचा उंच बांध आणि बांधाच्या पुढं कागदाचे निशाण. शिकवणारा ओमप्रकाश, पलटणीतून सुटलेला हवालदार, मिशा पिकलेल्या. मी दोरीजवळ चपला काढल्या आणि आत गेली.

"माताजी, जूते पहनो. यहाँ गोखरू है, काँटा लगेगा."

"पानमळ्यात आमी चपला घालून जात नाही, हवालदार. जिथं जपून काम करायचं, तिथं पायतण बाहेर."

माझ्या मागून आलेल्या दोन बामणाच्या बायांनीही चपला काढल्या, इथला रिवाज असंन म्हणून. पुढच्या शनवारी सगळ्याच उघड्या पायानं. हवालदारानं कपाळाले हात लावला आणि गड्याकडून मैदान झाडून घेतलं.

पिस्तूल लांब नळीचं, एका वेळी एकच काडतूस खाणारं. मोडून उघडायचं, काडतूस घालायचं, मिटायचं, मग नेम. पहिले दोन शनवार रिकामं धरून उभं राहायले लावलं. त्यात माझ्यासारखी कोणी नव्हती. हात दगडासारखा. हवालदार म्हणाला, "वा माताजी, हाथ तो फौजी है!" मी शकुनकडे पाहिलं, ऐकलं का म्हणून.

तिसऱ्या शनवारी गोळ्या दिल्या. पाच मारल्या, पाचही कागदाच्या खाली मातीत. मी म्हणलं, पिस्तूल वाकडं आहे. पिस्तूल बदललं. पुन्हा मातीत. मी म्हणलं, ऊन डोळ्यावर येऊन राहिलं. जागा बदलली. मातीत. मी म्हणलं, हवालदार बाजूले उभा राहून श्वास घेते, त्याच्यानं नेम हालते.

शकुनच्या चार काळ्यात बसल्या होत्या.

तेव्हा हवालदारानं शकुनले जवळ बोलावलं. "बहूरानी, अब तुम भरो. सासूमाँ को देखने मत देना." त्यानं तिच्या मुठीत काडतूस ठेवलं, शकुननं पाठ करून पिस्तूल भरलं आणि माझ्या हातात दिलं. मी नेम धरला, घोडा ओढला.

नुसतं खट् झालं. आत उडालेलं, रिकामं काडतूस होतं. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. आणि तरी माझे डोळे गच्च मिटले होते, खांदे कानापर्यंत आले होते, पिस्तुलाची नळी वीतभर खाली गेली होती. जी गोळी उडालीच नाही, तिलेच मी भेली होती. भर उन्हात, पाच बायांसमोर.

मान वर करायची छाती होईना. पण शकुन माझ्या आणि त्या बायांच्या मधात येऊन उभी राहिली होती, पदर पसरून, जशी काही वाऱ्याले आड. हवालदारानं तोंड उघडलं, तेवढ्यात ती मोठ्यानं म्हणाली, "हवालदारसाहेब, काडतूस खराब निघालं वाटते."

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हाँ," तो म्हणाला, "माल खराब आया है." भला माणूस. त्याचेही आभार इथंच मानून टाकते.

परत येतांना टांग्यात मी विचारलं, "तुले कधीपासून माहीत?"

"काय?"

"नाटक नको करू."

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "पहिल्या दिवाळीपासून. तुमी कोठीघरात ओरडत होत्या, पण ओरडायच्या प्रत्येक फटाक्याच्या मागून. तेव्हापासून पोट्ट्यांचे फटाके मी गल्लीच्या तोंडावर नेऊन उडवत आली."

"कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही. ह्यांनाही नाही."

आठ दिवाळ्या! मी तिले बोलत होती, ती ऐकत होती, आणि तिच्या पदराले माझी एवढी मोठी गोठ बांधलेली होती. एकदा सोडली असती तर माझं तोंड जन्माचं बंद झालं असतं. मी म्हणलं, "मूर्ख आहेस. मी असती तर दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," शकुन म्हणाली, आणि दोघीही हसलो. टांगेवाल्यानं वळून पाहिलं.

मग ती म्हणाली, "आत्याबाई, पान खुडतांना तुमची वेल हालते का?"

"हालली तर मी पानमळेवाली कायची? अंगठ्याले लोखंडी नख घालायचं आणि देठाले हळूहळू दाबत जायचं. पान कधी हातात आलं, हे वेलीलेही कळलं नाही पाहिजे."

"मग घोडा काहून ओढता? पानासारखं दाबा. कधी उडालं, हे तुमालेही कळलं नाही पाहिजे."

तीस वर्षं मी पान खुडलं, आणि मले शिकवून राहिली अकोल्याची पोरगी! पण गोठ खरी होती. हवालदाराले सांगून आमी बुधवारीही जाऊ लागलो. शकुन भरायची, कधी खरं, कधी रिकामं. मले कळायचं नाही, म्हणून भ्यायचं कधी हेच कळायचं नाही. अंगठ्याचं काम बोटाले शिकवायले दहा दिवस लागले. एकदा शकुननं सहा वेळ लागोपाठ रिकामं दिलं आणि माझी नळी सहाही वेळ जागची हालली नाही. सातव्यांदा धडाड झालं. मी डोळे उघडेच ठेवून उभी. काळ्यात भोक पडलं होतं.

"लबाड," मी म्हणलं.

परीक्षेच्या दिवशी मोरोपंत स्वतः आले, खुर्ची टाकून बसले. आधी माझी पाळी. पहिली गोळी काळ्यात, दुसरी बाहेर, तिसरी काळ्यात, चौथी बाहेर. एकच राहिली. शकुनचं सारं त्या एकीवर होतं, आणि हे मले, तिले, हवालदाराले ठाऊक होतं. मी श्वास सोडला, दाबत गेली, दाबत गेली... कधी उडालं ते खरंच कळलं नाही. हवालदार कागदाजवळ जाऊन ओरडला, "तीन! माताजी, तीन!"

मग शकुन. जिचा नेम सहसा चुकत नाही, तिच्या दोनच बसल्या. मी धावत गेली तर बाई रडून राहिली होती. डोळ्यांत पाणी, समोरचा कागद काय दिसणार?

"अवं, निशाणासमोर उभं राहून रडतात का कोणी?"

"तुमची पाचवी बसली ना," ती नाक पुसत म्हणाली, "मग आवरलंच नाही."

वकील खुर्चीतून उठले. "वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. पुढच्या महिन्यात पुन्हा दोघींनाही द्यावी लागेल."

माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं, वकिलाच्या टोपीपासून सुरू करणार होती. पण पाहिलं तर शकुन माझ्याकडे पाहून राहिली होती. तिले वाटत होतं, सासू आता नाही म्हणते, एकदा निभलं तेच खूप.

मी म्हणलं, "वकीलसाहेब, महिना लिहून घ्या. आमी येतो."

तो महिना मी भरत होती, शकुन मारत होती. ती पुन्हा रडू नये म्हणून मी रोज एक नवी शिवी शोधून ठेवायची. दुसऱ्या परीक्षेत माझ्या पुन्हा तीन आणि तिच्या पाचही. मंडळाच्या वहीत दोन नावं लागली, तिचं वर आणि माझं खाली. नियमानं ज्याच्या जास्त त्याचं वर. मी काही बोलली नाही. वकिलाले त्याचाच धक्का बसला.

चैत्रात शकुनच्या नावानं हळदीकुंकू केलं; मी विधवा, मी नुसती बसायले. अंजनगावहून माझी जाऊ माणिकबाई आली होती, गल्लीतल्या दहा-बारा बाया होत्या. शकुन आत पन्हं भरत होती. माणिकबाई सगळ्यांले सांगून राहिली, "आमची तानुबाई म्हणजे वाघीण! भेव म्हणून कशाचं नाही. म्हणून तर सुनेले बंदूक मारायले नेलं, सून तर बिचारी गोगलगाय."

बाया माझ्याकडे पाहत होत्या. गप बसली असती तर वाघीण म्हणून मेली असती. फुकटात.

"माणिक," मी म्हणलं, "तुले काही माहीत नाही. मी आवाजाले भेत होती. लहानपणापासून. दिवाळीत कोठीघरात लपून बसत होती. नेलं मी नाही, तिनं मले नेलं. माझा हात धरून भेवातून बाहेर काढलं, आणि आठ वर्षं माझी लाज झाकून ठेवली."

माणिकबाईचा हात कुंकवाच्या करंड्यात तसाच. मग ती म्हणाली, "आणि सुनेनं कोणाले सांगितलं नाही?"

"नाही. तुझी सून असती तर आतापर्यंत परतवाड्याच्या बाजारात विकून आली असती."

बाया खो-खो हसल्या. आमच्याकडे चार बाया बसल्या असल्या की सून सासूच्या बाजूले बसत नाही, दारात उभी राहते. शकुन पन्ह्याचे पेले घेऊन दारात तशीच उभी होती. तिनं सारं ऐकलं होतं.

मी सरकून जागा केली. "तिथं काय उभी? ये, इथं बस."

ती हालेना.

"बस म्हणलं ना," मी म्हणलं, "का आता हात जोडू?"

शकुन आली, पेले खाली ठेवले आणि माझ्या बाजूले बसली.